परित्यागाची दोन वर्षं

मी शाळेत विज्ञान शिकवते. व्याख्येतला एक शब्द गाळला तरी अर्धा गुण कापते, आणि त्याबद्दल मुलं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्यामुळे कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आणि त्यासोबत नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जाची प्रत हातात पडली, तेव्हा रडण्याच्या आधी मी ती लाल पेन घेऊन वाचली. त्यात लिहिलं होतं, ‘जाबदार हिने कोणतेही सबळ कारण नसताना, अर्जदाराच्या संमतीशिवाय आणि कायमचे सोडून जाण्याच्या इराद्याने अर्जदाराचा परित्याग केला.’ जाबदार म्हणजे मी, हे कळायला मला अर्धं पान लागलं. अर्जदार कोण, ते लगेच कळलं.

खरं काय झालं ते सांगते. आमचं लग्न वैशाखात झालं. सासर मांजरीला, उसाच्या रानाच्या कडेला बांधलेल्या नव्या बंगल्यात. माहेर कसब्यात, बोळातल्या दोन खोल्यांत. लग्नानंतरचा पहिला आषाढ सुनेनं माहेरी काढायचा, ही सासरची रीत. सासूबाईंनी मला पाटावर बसवून खणानारळानं ओटी भरली. नवऱ्यानं माझ्या बॅगा गाडीत ठेवल्या, मला कसब्याच्या तोंडाशी आणून सोडलं आणि म्हणाला, “श्रावण लागला की न्यायला येतो.”

श्रावण लागला. मंगळागौरीसाठी आणलेली साडी कपाटात तशीच राहिली. गणपती आले, गेले, दिवाळीही झाली. सुरुवातीला फोनवर “जरा कामात आहे” एवढं तरी ऐकू यायचं, मग फोन उचलणंच बंद झालं. आई म्हणायची, “न्यायला आल्याशिवाय सुनेनं आपणहून जायचं नसतं. उद्या तेच म्हणतील, गळ्यात पडायला आली.” मी दोन पदव्या घेतलेली, नोकरी करणारी बाई. तरी मी ऐकलं. मांजरीची बस घरापासून दहा मिनिटांवर मिळते, पण मी एकदाही तिच्यात चढले नाही. आमच्या घरची अब्रू म्हणून जे जपलं, तेच दोन वर्षांनी माझ्या विरुद्धचा पुरावा झालं. त्याच्या ऑफिसात कोणीतरी आहे आणि तिला लग्नाची घाई आहे, हे मला बाहेरून कळलं. घरातून कळवण्याइतकी पद्धत त्यांच्याकडे नसावी.

मी अप्पा बळवंत चौकातून विवाहाच्या कायद्याचं एक मराठी पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसल्यासारखी वाचायला लागले. त्या पुस्तकातलं मराठी कुठल्याही घरात बोललं जात नाही. शून्य विवाह म्हणजे जो मुळात झालाच नाही, आणि शून्यकरणीय म्हणजे जो झाला, पण कोणी तक्रार केली तर पुसता येतो. रुसून बसलेल्याला परत नांदायला बोलावणं म्हणजे दांपत्य हक्कांचं प्रत्यास्थापन. हे एवढं उच्चारेपर्यंत नवराबायको म्हातारे व्हावेत. पण परित्यागाच्या पानावर मी थांबले. नुसतं वेगळं राहणं म्हणजे परित्याग नव्हे. दुसऱ्याची संमती नसली पाहिजे, कायमचं सोडायचा इरादा असला पाहिजे, आणि अर्ज करण्याआधी हे सगळं सलग दोन वर्षं चाललेलं असलं पाहिजे. ज्यानं सोडून दिलं तोच खरा परित्याग करणारा, मग घराबाहेर पाऊल कोणाचंही पडलेलं असो. हे वाचलं आणि खूप दिवसांनी मला भूक लागली.

माझ्या वकीलबाई वयस्क होत्या, कमी बोलायच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “परस्पर संमतीनं मोकळ्या व्हा. सहा महिन्यांत सुटाल. तरुण आहात.”

“त्यांना मोकळं करायला मी आलेली नाही,” मी म्हणाले. “हा शब्द माझ्या नावावर राहता कामा नये. मग त्यांचं लग्न अडलं तर फारच छान.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वकीलपत्र पुढे सरकवलं.

नवऱ्याच्या बाजूनं साक्षीला सासूबाई होत्या. त्यांच्या शपथपत्रात लिहिलं होतं की सून कोणालाही न सांगता घरातून निघून गेली. वकिलानं लिहिलं, त्यांनी सही केली. वकीलबाई त्यांना फोन, भांडणं, निरोप यांबद्दल विचारणार होत्या. मी म्हटलं, ते सगळं राहू द्या, ओटीचं विचारा. सासूबाई मुलासाठी खोटं बोलतील, पण आपल्या हातून रीत चुकली असं चारचौघांत मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. दोन महिने मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला होता. कुठे टोचलं की दुखतं, ते मला माहीत होतं.

उलटतपासणीत वकीलबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “तुमच्याकडे सून माहेरी निघाली की ओटी भरायची पद्धत आहे का?”

“हाय की.”

“म्हणजे ही न सांगता गेल्यामुळे बिचारी तशीच गेली. नव्या सुनेची ओटी भरायची राहिली.”

सासूबाईंनी कठड्यावर हात ठेवला. “कोन म्हनतं राह्यली? ह्या हातानं भरली. आमच्या घरातनं सून रिकाम्या ओटीनं कधी गेली न्हाय. इचारा तिला. आन् एकटी कशाला जाईल? ह्योच सोडून आला की गाडीनं.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, “साक्षीदार स्वतःहून सांगतात की…” आणि सगळं वाक्य सावकाश घालून घेतलं. मी नवऱ्याकडे बघत होते. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. ते बघायला मिळावं म्हणून मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, ती कारणी लागली. सासूबाई खाली उतरताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “खरं त्येच बोलले बघ.” मी मान फिरवली.

अर्ज फेटाळला गेला. त्याला घटस्फोट नाही, म्हणजे लग्न कायम, म्हणजे दुसरं लग्न नाही. महिनाभरात त्याच्या वकिलाचा निरोप आला, परस्पर संमतीनं करू. त्याला दोघं लागतात, आणि त्यातली एक मी होते. मी नाही म्हणून कळवलं आणि त्या संध्याकाळी आईला बाहेर डोसा खायला नेलं.

वकीलबाईंनी मात्र बजावलं, “आता ते न्यायला येतील. तुम्ही सरळ नाही म्हणालात, तर त्या दिवसापासून परित्याग तुमचा धरायला बघतील. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज टाकतील, आणि या वेळी त्यांच्याकडे पुरावा असेल. तेव्हा बोलताना सांभाळा. कारणं सांगा, अटी घाला.”

ते आले, रविवारी सकाळी. गाडी बोळात शिरत नाही, म्हणून चालत आले. तो पुढे, सासूबाई मागे पिशवी घेऊन धापा टाकत. त्याच्या शर्टाच्या खिशातून फोन अर्धा बाहेर डोकावत होता, काळी काच माझ्याकडे करून. रेकॉर्डिंग चालू होतं, एवढं मला कळतं.

“चल,” तो म्हणाला. “न्यायला आलोय.”

कारणांची यादी मला तोंडपाठ होती. वकीलबाईंनी दोनदा वाचून घेतली होती. पण मला ती वाचायची इच्छाच होईना. ती वाचली असती तर एकेक कारण खोडायला तो पुन्हा कोर्टात गेला असता, पुन्हा माझ्या नशिबी त्याचं तोंड. मला त्याला काहीतरी नेमकं द्यायचं होतं: माझ्यावर खोटा लादलेला नव्हे, मी स्वतः केलेला परित्याग, आजच्या तारखेचा. मी खिशाकडे बघून, वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाले, “मी येणार नाही. तुमची इच्छा असो वा नसो, मी कायमची येणार नाही. हे मी माझ्या मनानं ठरवलं आहे. आज तारीख लिहून ठेवा आणि दोन वर्षांनी या. त्याआधी माझी सही मिळणार नाही. मी थांबले होते, आता तुम्ही थांबा. आणि जी कोणी थांबली आहे, तिलाही सांगा.”

त्यानं फोन काढून बंद केला आणि जिना उतरायला लागला. त्याचं काम झालं होतं, आणि माझंही.

सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना फोनचं काही माहीत नव्हतं. “म्या कोर्टात लेकाच्या विरुद्ध बोलले,” त्या म्हणाल्या, “घरात त्यो माझ्याशी बोलत न्हाय तवापासनं. मला वाटलं, त्यामुळं तरी तू येशील. म्या खरंच न्यायला आले गं.”

त्या खरंच आल्या होत्या, हे मला दिसत होतं. पहिल्या श्रावणात असं कोणी आलं असतं तर मी चपला घालून निघाले असते. मी दार लावून घेतलं. बराच वेळ त्या बाहेर रडत होत्या, आणि मी आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून उभी होते. मी कडी काढली नाही.