आधी ताराचंदभाऊंचा घोट

ताराचंदभाऊ शिंपी बायकांच्या अंगाला कधी टेप लावत नसत. "जुना ब्लाऊज आना बाई, तोच खरं सांगते," म्हणायचे आणि मान खाली घालायचे. सडक अर्जुनीच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हापासून माझे सगळे ब्लाऊज त्यांनीच शिवले. एकही बिघडला नाही.

मोबाइलवर सिनेमे येण्याआधी आमच्याकडे झाडीबोलीतल्या सिनेमांच्या सीड्या घरोघरी फिरत. त्यातल्या एकीत हेच ताराचंदभाऊ जमिनीसाठी म्हाताऱ्या आत्याच्या चहात विष कालवून खदाखदा हसत होते. मिशी झुपकेदार, म्हणून खलनायक ठरलेलाच. मी विचारलं तर म्हणाले, "चार दिवस वाईट राहा लागते, बाई. मंग वर्षभर मशीन हायेच."

त्यांची मुलगी सुनंदा माझी विद्यार्थिनी. सालेकशाकडचं चांगलं स्थळ आलं, मुला-मुलीची पसंती झाली. बोलणी पक्की करायला मंडळी आली, तेव्हा मीही होते. मुलीकडचा चहा घेतला म्हणजे सोयरीक पक्की, अशी रीत. सगळ्यांनी कप उचलले. मुलाच्या आजींनी मात्र आपला कप पुढे सरकवला.

"ज्यानं म्हातारीले जहर पाजलं, त्याच्या घरचा चहा मी नाही पित."

"आजी, तो सिनेमा होता," मी म्हटलं.

"मले समजते. पन तोंड तं तेच हाये ना!"

आजींपुढे मुलाकडचं कोणी बोलत नसे. मुलानेही कप खाली ठेवला. दारात सुनंदाचा चेहरा उतरला.

ताराचंदभाऊ उठले. आजींचा कप घेऊन थोडा चहा बशीत ओतला, पिऊन टाकला आणि समोर मांडी घालून बसले. "आता पाहून घ्या, आजी. मी बसून राहतो."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ते शांतपणे मिशी पुसत होते. शेवटी आजीच वैतागल्या. "चहा थंडा करून राहिला काऊन? आन इकडे!"

प्यायल्यावर त्यांनी फर्मान सोडलं, "आता तसा हासून दाखव."

ताराचंदभाऊ लाजले. "ते हासनं माहं नोहे, आजी. माहं लय बारीक निंगालं, म्हनून आवाजवाल्यानं आपलं टाकलं."

लग्न झालं. पुढे आजी कधीही आल्या की कप त्यांच्यापुढे धरत, "घे, आधी तू." ताराचंदभाऊ दर वेळी बशीभर पीत. मला राग यायचा, त्यांना नाही.

सुनंदाच्या मुलीच्या बारशाला मात्र आजींनी कप सरळ तोंडाला लावला. ताराचंदभाऊंनी मशीन थांबवली. "आजी, माहा घोट?"

"कायले? पोरीचं झबलं अर्धंच हाये. ते शिव आधी."

ताराचंदभाऊ हसले. खरंच, फार बारीक हसायचे.