आकडा चाललाय

"इस्त्री बंद कर गं, आकडा चाललाय!"

दारावर दोन थापा आणि हे वाक्य. अंगात बनियन, पट्ट्यांचा लेंगा आणि एक बोट वर. हे आमचे समोरच्या खोलीतले काका. तुमच्या मजल्यावरही असा एखादा नमुना असेलच म्हणा, पण आमचा म्हणजे कहर होता.

मी ब्लाउज शिवते, इस्त्रीशिवाय माझं पान हलत नाही. आणि घाटकोपरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दोन जड वस्तू एकदम लावल्या की अख्ख्या मजल्याची लाइट जाते. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, काकी गेल्यापासून एकटे. त्यांचा कॉम्प्युटर महिनोन् महिने एकच अवाढव्य संख्या तपासत बसायचा. ती मूळ आहे का, एवढंच.

"मूळ म्हणजे काय हो?" मी एकदा चुकून विचारलं.

त्यांनी माझ्याच डब्यातले सात लाडू काढले. "सारखे वाटे घालून दाखव." दोन-दोनचे घातले, तीन-तीनचे घातले, मेला एक उरतोच. "ही मूळ संख्या. आणि माझा आकडा? घाटकोपरहून एका ओळीत लिहीत निघालो ना, तर लोणावळा येईल!"

"मग येताना चिक्की आणा."

काका हसत सुटले आणि एक लाडू तोंडात टाकला. "बघ, आता सहा राहिले. लगेच वाटे पडतात!"

हळूहळू सगळा मजला यात ओढला गेला. गिझर पाळीपाळीनं, मिक्सर विचारून. जो तो येता-जाता काकांच्या दारात डोकावणार, "काका, कुठवर?" एकदा सत्त्याण्णव टक्क्यांवर असताना कोपऱ्यातल्या मेहुलभाईंनी गिझर लावला आणि खटकन लाइट गेली. बिचारे हात जोडून उभे, रडायच्या बेतात. काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बघतो, काही वाचतंय का." दुसऱ्या दिवशी दारातून ओरडले, "वाचलं रे!" मेहुलभाईंनी मजलाभर फाफडा-जलेबी वाटली.

एवढं करून तो आकडा मूळ निघालाच नाही. काकांनी तरी पेढे आणले.

"हरलात आणि वर पेढे?"

"हरलो कुठे? आता जगात कुणाला हा तपासायला नको. चला, पुढचा!"

असे चार आकडे गेले. पाचवा चालू असताना काका झोपेतच गेले. मुलगा खोली रिकामी करायला आला, कॉम्प्युटर भंगारात देतो म्हणाला. मी ओरडलेच, "हात लावू नकोस, आकडा चाललाय!" आणि कॉम्प्युटरपुढे आडवी उभी राहिले.

माझ्या खोलीत आणायचा तर प्लग काढणं आलं. हात धजेना. कीबोर्ड उचलला तर खाली चिठ्ठी, काकांच्या अक्षरात: 'लाइट गेली तरी घाबरायचं नाही. मशीन दर अर्ध्या तासानं स्वतःच सगळं जपून ठेवतं. चालू केलं की तिथूनच पुढे.'

लबाड माणूस! चार वर्षं माझी इस्त्री अडवली! मेहुलभाईंची जलेबी खाल्ली! मी तिथेच फरशीवर बसून खदाखदा हसले आणि मग रडले. कुणीतरी रोज दारात येऊन "कुठवर?" विचारावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

आता कॉम्प्युटर माझ्या शिलाई मशीनशेजारी असतो. चिठ्ठी मापांच्या वहीत लपवलीय. परवा मेहुलभाईंनी दार वाजवलं.

"ताई, गिझर लावू?"

मी एक बोट वर केलं. "खबरदार! आकडा चाललाय. आत या, चहा घ्या, कुठवर आलाय ते बघून जा."