चांदीचे डोळे आणि सासूबाईंचा चहा

रोह्याच्या बंदोबस्तातल्या पोलिसांबद्दल माझं मत मुळीच वाईट नाही. त्यांचं माझ्याबद्दल आहे.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात माझं काम एकच, डोळ्यांची आखणी. माती कुणी मळो, साचा कुणी भरो, रंग कुणी देवो. मूर्तीत जीव आणायची वेळ आली की हाक मलाच मारतात. लहानपणी वडिलांनी माझ्या हातात कुंचल्याच्या आधी आरसा दिला होता. "डोळा कसा असतो तो आधी नीट बघ," म्हणाले. दोन वर्षं मी आरशात बघून पाटीवर नुसते डोळे काढत होतो. (शाळेच्या पाटीवरसुद्धा. त्याचा परिणाम गणितात दिसला.) सांगायचा मुद्दा, डोळ्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये!

आणि नेमका मलाच मोतीबिंदू झाला. बायको, मंदा, रडली. रोह्याला सासूबाईंनी ग्रामदैवत धावीर महाराजांना नवस बोलला: जावयाची नजर परत येऊ दे, पालखी दारात येईल तेव्हा चांदीचे डोळे वाहीन, आणि तोवर चहाला शिवणार नाही. ऑपरेशन झालं शिमग्याला. पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मधले सात महिने सासूबाई चहाशिवाय राहिल्या आणि रोह्यातली आमची सासुरवाडी त्यांच्यासोबत राहिली. दोघांचेही हाल झाले. मेहुण्याच्या प्रत्येक पत्रात माझ्या डोळ्याची चौकशी अर्ध्या ओळीत असे, आणि पुढचं पानभर 'आई कालही ओरडली' एवढाच मजकूर.

चांदीचे डोळे पेणच्या सोनाराकडून करून घेतले, त्याने ते गुलाबी कागदात बांधून दिले. पालखीच्या दिवशी सकाळी पेणला रामवाडीच्या स्टँडवर मी मंदाला म्हटलं, "पुडी माझ्याकडे दे. बायकांच्या पिशवीत गेलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईलाच सापडते."

"तुम्ही हरवाल."

"मी? मी कधी काय हरवलंय?"

मंदा बोटं मोजायला लागली, तेवढ्यात एसटी आली म्हणून माझी अब्रू वाचली. गाडीत ही गर्दी! नागोठण्यापर्यंत मी त्या पुडीच्या चार जागा बदलल्या. वरचा खिसा, आतला खिसा, पँटचा उजवा, पँटचा डावा. चोराला माग काढणंच मुश्कील व्हावं.

रोह्याच्या पालखीची एक मोठी गंमत आहे. पालखी निघण्याआधी पोलीस बंदुका घेऊन रांगेत उभे राहतात आणि देवाला सलामी देतात. लग्नाला वीस वर्षं झाली, पण मी ती कधी पाहिली नव्हती. त्यावरून सासुरवाडीचे लोक मला टोमणे मारत. या वर्षी नव्या नजरेने बघायचीच, म्हणून मी देवळासमोरच्या गर्दीत घुसलो. एवढ्यात एक माणूस मला येऊन आपटला. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि गर्दीत नाहीसा झाला. मी डाव्या खिशात हात घातला. पुडी नाही! उजव्या खिशात नाही. आतल्यात नाही, वरच्यात नाही!

"चोर!" मी ओरडलो.

बाजूच्या दहा माणसांनी आपापले खिसे चाचपले आणि मला पोलिसांच्या मंडपाची दिशा दाखवली. तिथे बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेले एक हवालदार टेबलामागे बसले होते.

"काय गेलं?"

"डोळे!"

त्यांनी माझ्या चष्म्यातून आत पाहिलं. "हायत की."

"चांदीचे हो! नवसाचे!"

"बरं. धंदा काय तुमचा?"

"आखणी करतो."

"म्हणजे जमीन मोजणीत का?"

मी संतापलो. पेणच्या आखणीवाल्याला मोजणीत घालतात म्हणजे काय! पण हवालदारांचं लिहिणं चालूच होतं. "चोर कसा होता? उंच का बुटका?"

"बघितलं नाही."

"शर्ट कसला?"

"लक्ष नव्हतं."

"मिशी व्हती का नाय?"

"अहो, मी माणसाचे फक्त डोळे बघतो! तीस वर्षांची सवय आहे. द्या तो कागद, काढूनच दाखवतो!"

हवालदारांनी बंदोबस्ताच्या एका जुन्या यादीची पाठकोरी बाजू आणि बॉलपेन पुढे केलं. बॉलपेनने आखणी! वडील हे बघायला नव्हते ते बरंच. मी मान खाली घालून कामाला लागलो आणि तेवढ्यात बाहेर खणखणीत हुकूम झाला. सलामी! हवालदार ताडकन उठून सावधान उभे राहिले. मीही उठलो आणि कनातीची फट शोधायला लागलो.

"तुम्ही बसा!" हवालदार ओठ न हलवता म्हणाले. "चित्र पुरं करा."

वीस वर्षं ज्या सलामीची वाट पाहिली ती दहा पावलांवर चालली होती आणि मी एका चोराच्या पापण्या काढत होतो! हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

चित्र मात्र फर्मास झालं. दोन शिपाई ते घेऊन गर्दीत गेले आणि अर्ध्या तासात तीन माणसं घेऊन आले. एक फुगेवाला, एक भजनीबुवा आणि एक शाळामास्तर. मास्तरांना का आणलं असं विचारल्यावर शिपाई म्हणाला, "बघा ना, पापणीच हलवत नाय." मास्तर रागाने थिजले होते. मी तिघांचे डोळे तपासले.

"या फुगेवाल्याची बाहुली बारीक आहे. बुवांची पापणी जाड. आणि मास्तरांच्या डोळ्यात काही भावच नाही."

"मी तुमच्यावर फिर्याद करीन!" मास्तर म्हणाले. भजनीबुवा तर टाळ घेऊनच माझ्या अंगावर आले.

या गोंधळात फौजदार साहेब आत आले. त्यांच्या मागोमाग मला शोधत मंदा आणि सासूबाई. साहेबांनी कागद हातात घेतला. कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत कागदाकडे.

"चष्मा काढा."

मी काढला.

"अगो मंदे," सासूबाई कागदावर वाकून म्हणाल्या, "हे तर जावयबापूंचेच डोळे हायत गो!"

मंदाने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मीही वाकून पाहिलं. डावा डोळा किंचित मोठा, उजवी भुवई वर चढलेली. वडिलांच्या आरशात दोन वर्षं पाहिलेले तेच ते डोळे! हाताला दुसरे माहीतच नव्हते.

"झडती घ्या," साहेब म्हणाले.

"माझी? मी तक्रारदार आहे!"

हवालदारांनी टेबलावर एकेक वस्तू मांडली. रुमाल. एसटीची तिकिटं. तपकिरीची डबी. चष्म्याचं घर.

"ते रिकामं आहे," मी ठणकावून सांगितलं. "चष्मा माझ्या हातात दिसत नाही का?"

हवालदारांनी घर उघडलं. आत गुलाबी पुडी.

तेव्हा मला नागोठण्याच्या पुढचं निडी गाव आठवलं! निडीच्या आसपास बाहेरची भातशेती बघायला मी चष्मा लावला होता, घर रिकामं झालं होतं, आणि यासारखी बिनधोक जागा नाही म्हणून पुडीची पाचव्यांदा बदली केली होती.

"तक्रार तुमची," साहेब शांतपणे म्हणाले, "चित्र तुमचं, माल तुमच्याकडे. आता मी कुणाला पकडू ते तुम्हीच सांगा."

"यालाच!" फुगेवाला, बुवा आणि मास्तर एका आवाजात म्हणाले. मी तिघांचीही हात जोडून माफी मागितली. बुवांनी ती दोनदा मागायला लावली. माणसाची बॉलपेनने केलेली एक चूक, तिचं केवढं भांडवल!

साहेबांना माझा जबाब लिहून घ्यायचा होता. पण बाहेर पालखीपुढचा खालूबाजा वाजत लांब लांब जात होता. पालखी सासूबाईंच्या आळीच्या दिशेने निघाली होती, दारावरून पुढे गेली की थेट पुढच्या वर्षी. आणखी एक वर्ष बिनचहाचं! सासूबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी पदर खोचला.

"सायब, याला मागनं आत टाका, पायजे तेवढे दिवस ठेवा, माझी काय ना नाय. पर आधी पालखी गाठू द्या. सात महिने झाले, च्याचा घोट नाय घेतला मी!"

साहेब पाघळले. बहुतेक त्यांच्याही घरी सासू असावी. "हवालदार, यांना घेऊन जा. आणि जबाब झाल्याशिवाय सोडू नका."

हवालदारांनी माझं मनगट धरलं आणि गर्दीतून वाट काढत आम्ही पळत सुटलो. पुढे पोलीस, मध्ये मी, मागे पुडी घेतलेल्या सासूबाई. सगळी आळी दारात उभी होती. "पेणचा जावय धरला गो!" एक म्हातारी ओरडली. "काय चोरलान?" "देवाचे डोळे!" वीस वर्षांत सासुरवाडीला माझ्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं!

पालखी दारात आली. सासूबाईंनी डोळे वाहिले आणि डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. एरवी मला नावं ठेवणारी ही बाई माझ्या नजरेसाठी सात महिने झुरली होती. मला भरून आलं. माझं मनगट अजून हवालदारांच्या हातात होतं, म्हणून डोळे दुसऱ्या हाताने पुसले.

मग सासूबाईंनी चहा टाकला. पहिला कप त्यांनी हवालदारांना दिला, दुसरा स्वतः घेतला. डोळे मिटून, फुर्र करून. मला तिसरा, तोही बशीत. जबाब त्या चहावरच मिटला.

पुढच्या गणपतीआधी हेच हवालदार आमच्या पेणच्या कारखान्यात हजर! पोलीस लाईनीतल्या मंडळासाठी मूर्ती हवी होती. एक त्यांना फार आवडली. मी छाती फुगवून म्हटलं, "डोळे मी आखलेत!"

हवालदारांनी मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"दादा, राग नका मानू, पर तुम्ही न आखलेली एखादी दाखवा. दहा दिवस हात जोडून उभं ऱ्हायचंय आम्हाला. हिच्याकडं बघितलं का माझा हात झडतीला जातोय."

मी रागारागाने कारखान्यात नजर फिरवली. फळ्यांवर ओळीने बसलेले सगळे संशयित, डावा डोळा किंचित मोठा आणि उजवी भुवई वर, माझ्याकडेच बघत होते.