आधीच आभार मानणाऱ्या सिस्टर

देवाला कामाला लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण देव आणि आख्खं गाव एकाच वेळी कामाला लावणारी बाई एकच पाहिली. आर्वी रोडवरच्या आमच्या गावात मिशनची प्राथमिक शाळा आहे, तिथल्या या मोठ्या सिस्टर. मूळच्या केरळच्या. आल्या तेव्हा मराठीचा गंध नव्हता. ती त्या आमच्या भाजीबाजारात शिकल्या, त्यामुळे दोन-तीन वर्षांत अस्सल वऱ्हाडी बोलू लागल्या आणि वांग्यांचा भावही आमच्यासारखाच पाडून मागू लागल्या. ठेंगणा बांधा, करडा झगा, पायात रबरी चप्पल, आणि चाल अशी की सोबतचा माणूस धापा टाकत मागे. गावात ख्रिस्ती घरं मोजून तीन. शाळेतली बाकी सारी पोरं आम्हा शेतकऱ्या-दुकानदारांची.

या बाई कुणाकडे कधी काही मागत नसत. जे हवं असेल ते मिळण्याआधीच त्या सकाळच्या प्रार्थनेत मुलांकडून देवाचे आभार मानून घेत. लोहाराची पोर एकदा घरी येऊन बापाला म्हणाली, की आज आम्ही तुमच्या फाटकाबद्दल देवाचे आभार मानले. लोहाराला कसल्या फाटकाचा पत्ता नाही. दोन दिवस तो शाळेचा रस्ता चुकवत राहिला, तिसऱ्या दिवशी फाटक घेऊन हजर. एसटी डेपोतल्या मेकॅनिकने असाच झोपाळा बसवला. गणपती मंडळाचा अध्यक्ष तर नाताळला मंडप द्यायचा नाही असं ठरवून भांडायला गेला होता. सिस्टरांनी त्याला चहा पाजला आणि गंभीरपणे विचारलं, की बुद्धीच्या देवाचा मंडप शाळेत आला तर त्याला राग कसा येईल? तेव्हापासून दर डिसेंबरला मंडप तोच लागतो, आणि अध्यक्ष स्वतः खांब रोवतो. ही बनवाबनवी नाही का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "देणाऱ्याच्या मनात देव आधीच येऊन बसते, भाऊ. मी फक्त पोरांकडून निरोप धाडते."

माझा भाजीचा मळा शाळेच्या कुंपणाला लागून. त्यात विहीर. त्यामुळे मी या बाईंना मनातून टरकून असे आणि आज कशाबद्दल आभार मानले, हे त्याच शाळेत शिकणाऱ्या माझ्या पोरीला रोज संध्याकाळी विचारत असे.

मग एका मार्चमध्ये शाळेची विहीर आटली. पाणी नसेल तर शाळेचं मुलींचं वसतिगृह बंद करून त्यांना घरी पाठवा, असं मिशनच्या वरिष्ठांचं पत्र आलं. त्या मुली लांबच्या खेड्यांतल्या. एकदा गेल्या की शेतात कामाला लागणार, परत येणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरांनी बोअर मारायला मशीन बोलावलं आणि ते येण्याआधीच पाण्याबद्दल आभार मानून टाकले. मशीन दिवसभर धडधडलं. नुसता पांढरा फुफाटा निघाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कुंपणाशी उभा राहिलो. आता बाई काय बोलतात ते पाहायचं होतं. त्या मुलांपुढे येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आज आभार नाई. आज मी देवावर रागावली हाये. तुम्ही बी रागवा. पण हात जोडूनच रागवा." पोरांनी हात जोडले आणि गाल फुगवले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मी कुंपण ओलांडून गेलो. म्हटलं, "सिस्टर, माही विहीर इथून पन्नास पावलांवर हाये. तिच्यासाठी आभार काऊन नाई मानले?"

"लोहाराले लोखंड पुन्हा भेटते, भाऊ. तुमचं पाणी गेलं का भेंडी वाळते. तुमच्या पोरीच्या ताटातलं मी देवाले कसं मागू?"

साऱ्या गावाला हक्काने राबवणाऱ्या या बाईने आपली मर्यादा कधीच आखून ठेवली होती, आणि मी मात्र इतकी वर्षं उगाच तोंड चुकवत होतो. दुपारी माझ्या विहिरीवरून शाळेपर्यंत पाइप टाकला. अर्धी भेंडी वाळली, त्याचं वाईट वाटलंच. पण एकही मुलगी घरी गेली नाही.

गेल्या वर्षी त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी त्या माझ्या विहिरीपाशी आल्या, आत वाकून पाणी पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही आले नसते तं मी काय केलं असतं, ते मले अजून ठाऊक नाई." या बाईंनाही भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेलो. बॅग एकच होती, तीही त्यांनी मला उचलू दिली नाही.