पगारे सरांच्या हातून न झालेली चूक

डॉ. वसंतराव पगारे सरांची आणि माझी पहिली भेट कॅरमच्या बोर्डापाशी झाली आणि ती भांडणाने झाली, हे आधीच कबूल केलेले बरे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी ओझरहून एस.टी.ने नाशिकला येऊन एम.एस्सी.च्या वर्गात नुकतीच बसू लागले होते. जिमखान्यातला कॅरम मुलींच्या वाट्याला कधी येतच नाही, अशी तक्रार घेऊन मी तावातावाने तिथे गेले, तर मुले बोर्डाभोवती हात चोळत उभी आणि मध्ये स्टुलावर पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ सोंगट्यांकडे टक लावून बसलेले. स्ट्रायकर त्यांनी खिशात घातला होता.

"अहो, खेळायचं नसेल तर उठा ना," मी म्हणाले. मुले दचकली. गृहस्थ मात्र खूश झाले. "बरं झालं आलीस. हे बघ, काळीला काळी चिकटता कामा नये, पांढरीला पांढरी चिकटता कामा नये. सगळ्या सोंगट्या खेटून लावून दाखव. जमलं तर बोर्ड तुझा."

मी अर्धा तास खटपट केली. एक काळी, तिला खेटून एक पांढरी, इथवर ठीक. पण दोघींनाही खेटून तिसरी आली की ती कोणत्याही रंगाची असो, कुणाशी तरी तिचे बिनसतेच. "नाही जमत," मी हात टेकले. "कुणालाच नाही जमत," सर म्हणाले, "अणूंनाही नाही. मग ते बिचारे काय करत असतील, एवढंच मला शोधायचंय." बोर्ड काही मला मिळाला नाही. पुढच्या वर्षी एम.एस्सी. झाल्याबरोबर मी सरांच्या हाताखाली काम करू लागले.

सरांच्या संशोधनाचा विषय नेमका काय, असे त्यांचे शेजारीपाजारीसुद्धा मला विचारतात. तो समजायला कॅरम पुरतो. काही पदार्थांत प्रत्येक अणू इवल्याशा चुंबकासारखा वागतो आणि शेजाऱ्याच्या बरोबर उलट्या दिशेला तोंड करू पाहतो. मांडणी चौकोनी असली तर सगळ्यांचे जमून जाते. ती त्रिकोणी असली की तिसऱ्याची पंचाईत होते. असा पदार्थ अगदी थंड केला तर त्यातले अणू कुठल्या तरी एका मांडणीत स्थिरावतात की नाही, हा सरांचा प्रश्न. बहुतेक ग्रंथांचा कल 'स्थिरावतात' याकडे होता.

नाशिक रोडच्या एका वसाहतीत, गोदामात हमाली करणाऱ्या वडिलांच्या पोटी सर जन्मले. शिष्यवृत्त्यांवर शिकत पुण्याला डॉक्टरेट मिळवून ते आईवडिलांसाठी परत आले. दर पंधरवड्याला शनिवारी पुण्याची एस.टी. धरायची, ग्रंथालयात बसून नवे शोधनिबंध हाताने उतरवून घ्यायचे आणि रविवारी परतायचे, हा त्यांचा परिपाठ होता. असल्या विषयाला मुंबई गाठावी लागते, असे कुणी सुचवले की सर म्हणत, "इलेक्ट्रॉन नाशिकला काही वेगळे वागत नाहीत."

संगणक आम्ही फक्त चित्रात पाहिलेला. हाताने फिरवायचे एक गणनयंत्र होते, ते रुसले की लॉग टेबल. बारा अणूंचा एक तुकडा घेऊन त्याच्या ऊर्जेची बेरीज करायची म्हणजे पानेच्या पाने अधिक-वजा. त्यासाठी सरांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येक बेरीज दोघांनी दोन वेगळ्या वह्यांत करायची. काम संपेपर्यंत एकमेकांची वही उघडायची नाही. उत्तरे जुळली तरच वह्या सरांच्या टेबलावर जायच्या, नाही जुळली तर दोघांनीही पुन्हा पहिल्या पानापासून. वह्या विभागातल्या कपाटात असत आणि कपाटाला कुलूप नसे.

माझ्या जोडीला देवळ्याचा कैलास आहेर होता. कांदा पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा गणितात इतका तल्लख, की कैलास म्हणाला म्हणजे झाले, असे सारा विभाग मानायचा.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. एम.एस्सी. झाली, आता पुरे, स्थळे बघू, असे त्यांनी मनात घेतले. मी घरी रडले आणि विभागात गप्प राहिले. कुठून कळले कोण जाणे, पण एका रविवारी सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या विभागाच्या काकू, आमच्या घरी हजर झाले.

"सर, पोरगी दिवसभर प्लस-मायनस करीत बसती," वडील म्हणाले, "त्यानं व्हनार काय?"

सरांनी उलट त्यांनाच विचारले, "दादा, विमानाच्या पंखाला तुम्ही रिव्हेट मारता. तो नीट बसला की नाही, ते कोण बघतं?"

"दुसरा बघतो. ज्यानं मारला त्यानं नाय तपासायचा, मग तो कितीबी मोठा कारागीर असू द्या. मानूस आपली चूक बघतच नाय."

"आमच्याकडं तसंच आहे," म्हणत सरांनी दोन वह्यांची रीत त्यांना समजावून सांगितली. वडील खुर्चीत सरसावून बसले. निघताना ते सरांना म्हणाले, "दिवाळीपर्यंत करू द्या तिला. मंग बघू." त्यानंतर कारखान्यात जो भेटेल त्याला ते सांगत, की आमच्या पोरीच्या कॉलेजात आपल्यासारखीच तपासणी असती.

आता जे लिहायचे आहे, ते आजवर मी कुठे लिहिलेले नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. कैलास बेरीज संपवून कांद्याच्या लागवडीसाठी गावी गेला. माझी बेरीजही संपली आणि उत्तर भलतेच आले. अणू स्थिरावत नाहीत, असे माझी वही म्हणत होती. पुस्तके एकीकडे आणि मी दुसरीकडे. कैलासचे उत्तर वेगळे असेल तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, म्हणजे दिवाळी हातची गेली, आणि दिवाळीबरोबर सगळेच गेले. कैलास चुकला असेल हे माझ्या मनालाही शिवले नाही. चुकले असेन तर मीच! एका दुपारी विभागात कुणी नाही असे पाहून मी त्याची वही उघडली. एका पानावर त्याचे चिन्ह वजा होते आणि माझे अधिक. अर्ध्या ब्लेडने मी माझ्या अधिकातली उभी रेघ हलकेच खरवडली, वजा तेवढे ठेवले आणि पुढची सारी पाने नव्याने लिहिली.

उत्तरे जुळली. सरांनी अख्ख्या विभागाला भेळ आणवली. मीही खाल्ली.

शोधनिबंध सरांच्या नावाने छापून आला. काही महिन्यांत मुंबईच्या एका संशोधन संस्थेने सरांना बोलावणे धाडले. तिथे संगणक होता, ग्रंथालय होते. सर हरखले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हते. काकूंनी आवराआवर सुरू केली, दारातली गवती चहाची कुंडीसुद्धा शेजारणीला देऊन टाकली. त्याच सुमारास परदेशातल्या एका अनोळखी अभ्यासकाचे अत्यंत सभ्य पत्र आले. 'आपल्या बेरजेत एके ठिकाणी चिन्हाची गफलत असावी, कृपया पाहावे.'

दोन दिवस सर एकटेच दोन्ही वह्या घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले. माझ्या वहीचे एक पान त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता.

"इथं आधी काय होतं?"

"अधिक."

मी सगळे सांगून टाकले. सरांनी वही मिटून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे बरोबर उत्तर आपल्याकडे होतं. इतके महिने कपाटात पडून होतं." पुढे त्यांचा आवाज चढला. सरांचा चढलेला आवाज मी त्या एकदाच ऐकला. "कैलासला विचारायचं होतंस. मला विचारायचं होतंस! अगं, ती रीत तुझ्यावर पहारा ठेवायला नव्हती. सगळे एकीकडे असताना तुझं वेगळं उत्तर टिकावं, म्हणून होती."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना दुरुस्तीचा मजकूर वाचून दाखवला. त्यात सरांनी स्वतःविषयी एवढेच लिहिले होते: 'बेरजेत चिन्हाची चूक माझ्या हातून झाली आहे आणि त्यामुळे निष्कर्ष मागे घेत आहे.' माझ्या खाडाखोडीचे कैलासला काहीच ठाऊक नव्हते. आपण दोघेही एकाच जागी चुकलो, असे समजून तो कानकोंडा झाला होता.

"सर, आधी मुंबईला रुजू तर व्हा," तो अजिजीने म्हणाला. "मंग टाका पत्र. एवढी काय घाई हाय? कोन बघायला बसलंय?"

"मी बसलोय की," सर म्हणाले आणि पाकीट चिकटवले.

कैलास गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले. त्याच महिन्यात गावातल्या एका महाविद्यालयात अधिव्याख्यातापदासाठी माझी मुलाखत होती. वहीत खाडाखोड करणारी मुलगी म्हणून नाव झाले असते, तर मला कुणी दारात उभे केले नसते. "हे कुणाला सांगायचं नाही," सर म्हणाले. "सांगितलंस तर मी साफ नाकारीन."

मला नोकरी लागली. मुंबईहून सरांना दोन ओळींचे पत्र आले, की तूर्त विचार पुढे ढकलला आहे. तो पुन्हा कधी झाला नाही. काकूंनी शेजारणीकडून कुंडी परत मागून आणली. गावातही बोभाटा झाला. काही जणांना चुकीपेक्षा ती कुणाच्या हातून झाली यातच अधिक रस होता. सर कोणत्या वसाहतीतून इथवर पोहोचले, हे ज्यांना खुपत होते त्यांना आयतेच कोलीत मिळाले. स्टाफरूममध्ये त्यांची वाक्ये मी या कानांनी ऐकली आणि चहा पीत राहिले. याची मला आजही लाज वाटते.

सरांनी मात्र माझी खरवडलेली बेरीज पुन्हा उभी केली. कैलासने ती नव्याने तपासली आणि वर्षभरात दुसरा शोधनिबंध तयार झाला. त्यावर पहिले नाव माझे पाहून मी हात जोडले, म्हटले, हे मला नको. सर म्हणाले, "उत्तर तुझं आहे. ते तू खोडलंस, ही वेगळी गोष्ट."

हा निबंध कित्येक वर्षे कुणी विचारला नाही. अलीकडे वीज अडथळ्याविना वाहू देणाऱ्या नव्या अतिसंवाहक पदार्थांचा शोध लागला आणि आमच्या त्या जुन्या प्रश्नाला एकाएकी भाव आला. नाशिकच्या पत्त्यावर देशोदेशींची पोस्टकार्डे येतात, निबंधाची प्रत मागतात. 'शिंदे आणि पगारे' असे त्यावर लिहिलेले असते. सर ती पोस्टकार्डे मला आणून देतात आणि म्हणतात, "शिंदेबाई, तुमचं टपाल." थट्टा करायची एकही संधी ते सोडत नाहीत.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला विषयही सुचवला होता: 'सरांची ती चूक आणि तिची प्रांजळ कबुली.' त्यांचा दोष नाही. नाशिकमध्ये ही गोष्ट अशीच सांगतात. मी स्वतः ती वर्गात अशीच सांगितली आहे, मुलांनी टाळ्या वाजवल्या आहेत. आधी मला भीती वाटायची, नंतर त्या गोष्टीची सवय झाली. वडील गेले. त्यांना मी शेवटपर्यंत सांगू शकले नाही.

कैलास आता देवळ्याला शिक्षक आहे. गेल्या महिन्यात जाऊन मी त्याला सारे सांगितले. तो म्हणाला, "म्हंजी ताई, मी एकटाच चुकलो होतो व्हय? आन् मी इतकी वर्सं तुझी कीव करीत होतो!" आम्ही दोघेही हसलो, आणि मग मला रडू आवरेना. त्याच्या बायकोने घाईघाईने पाणी आणले.

तेव्हा सरांच्या कारकिर्दीचा आढावा घेणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी. डॉ. पगारे यांच्या हातून चिन्हाची चूक कधीही झालेली नाही. ती माझी चूक होती. ती त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली, तिच्यापायी मुंबई सोडली, लोकांची बोलणी खाल्ली आणि मला एका शब्दानेही कधी त्याची आठवण करून दिली नाही. विद्वान माणसे मी पुढे पुष्कळ पाहिली. असा माणूस दुसरा पाहिला नाही.

सर, हा लेख छापून, बांधून होईपर्यंत तुम्हाला दाखवू नये, असे मी संपादकांकडून वचन घेतले आहे. तुम्ही साफ नाकारणार, हे मला ठाऊक होते. आता छापील अक्षर आहे, नाकारता येणार नाही. तुम्ही माझ्यावर भयंकर रागावणार आहात. या खेपेला चार दिवसांत आटोपू नका. सावकाश, ठणठणीत प्रकृतीने, काकूंच्या हातचा चहा घेत घेत, शंभरी ओलांडेपर्यंत माझ्यावर रागावत राहा.

– सुनंदा शिंदे