द्रौपदाबाईचा उजवा हात

नरडाण्यात विहारामागच्या वस्तीत लग्न निघालं की पहिला सांगावा द्रौपदाबाईला जायचा. पुरणाचे मांडे करावेत ते तिनेच. पुरण भरलेला उंडा ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत असा पसरायची की मांडा परातीएवढा व्हायचा, तरी पुरण कुठे फुटत नसे. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर तो अलगद उतरायचा. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "मन्हं काय? हातले सवय शे."

बावन्नाव्या वर्षी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं. स्तन गेला, काखेतल्या गाठीही काढल्या. केमोने केस गेले, रेडिएशनच्या शेकाने कातडी काळी पडली. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, रोग राहिलेला नाही. तिच्या मुलाने, धम्मपालने, त्याच दिवशी वस्तीत पेढे वाटले आणि फाइल पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकली.

तिथून पुढे 'बरी झाली' हा शब्द तिच्या मानगुटीवर बसला. दोन पावलांत दम लागला तरी ती बरी. कळशी अर्ध्या वाटेत खाली ठेवावी लागली तरी बरी. धम्मपाल कारखान्यातून आला की विचारायचा, "रिपोर्ट बठ्ठा चांगला शेतस, मंग आते काय?" सून सविता मात्र तिचं ताट अजून वेगळंच घासायची.

चार महिन्यांनी उजवा हात सुजला. बोटं जाड झाली, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. घरातलं कुणी हलेना, तेव्हा एका गुरुवारी ती एकटीच एसटीत बसून धुळ्याला गेली. दवाखान्यात फिजिओथेरपीच्या किरण मॅडमनी तिचा हात टेपने पाच ठिकाणी मोजला आणि बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या बांधल्या.

"काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी उतरायची वाट अडते, मावशी. ही सूज साफ जाणार नाही, पण आटोक्यात राहील. रोज व्यायाम करा, पट्ट्या बांधा. चुलीची धग नको, ओझं नको. चटका बसला, खरचटलं, तर लगेच यायचं."

"हाई माले आधी कोनीच का नही सांगं?"

किरण मॅडम पट्टी गुंडाळत राहिल्या. "सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आठ गुरुवार ती गेली. सूज बरीच उतरली, झंपरची बाही हातात जाऊ लागली. धुतलेल्या पट्ट्या दारातल्या दोरीवर टाकू लागली तर सविता म्हणाली, "लोके इचारतस, आत्या." मग पट्ट्या कोठीमागे अंधारात वाळायच्या आणि ओलसरच बांधाव्या लागायच्या.

मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ पंडित शिरपूरहून आला. दोन वर्षांत त्याने उंबरा चढला नव्हता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"अक्का, मांडा तुन्हाच हातना पाहिजेत. तू आते बरी व्हयनी ना?"

"हात सुजस रे भाऊ. मॅडमनी चूल नको सांगेल शे."

धम्मपाल तिथेच बसला होता. "दोन घंटाना काम शे, माय. मामा पहिल्यांदाच काही मांगी ऱ्हायना."

खरं सांगायचं तर तिच्याही मनात होतंच. दोन वर्षं तिला कुणी हळदीला बोलावलं नव्हतं, की डोहाळजेवणाला. तिने पट्ट्या सोडल्या, घरीच ठेवल्या आणि शिरपूरला गेली.

पत्र्याच्या मांडवात चुलीपुढे ती चार तास बसली. चाळीसाव्या मांड्याला हात दगडासारखा झाला. एकदा खापराची कड मनगटाला लागून चर्र झालं. पाण्यात हात बुडवून तिने पुढचा उंडा घेतला. सत्तर मांडे टोपलीत रचले, वर पांढरं फडकं घातलं आणि पंगत बघायला दारात उभी राहिली.

वाढपी जिलेबी घेऊन फिरत होते. तिला वाटलं, मांडे मागून येतील. मठ्ठा आला, भात आला, पंगत उठली. मागच्या अंगणात टोपली तशीच झाकलेली होती. भावजय कुणाला तरी सांगत होती, "नवरदेवकडना लोके नको म्हनतस. कॅन्सरवालीना हातनं कोन खाई?"

बहिणीने हे ऐकलं, हे पंडितने पाहिलं. जवळ येऊन म्हणाला, "अक्का, मनवर लेऊ नको. ढोरेसले टाकी दिसूत, वाया नही जावाव."

तिसऱ्या दिवशी मनगटाचा चटका लालभडक झाला आणि लाली दंडापर्यंत चढली. थंडी वाजून ताप भरला. धुळ्याला अकरा दिवस सलाईन लागलं. धम्मपाल खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "इतला मांडा कराले तुले कोनी सांगं व्हतं? हात दुखस, इतलं बोलता येत नव्हतं का?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताप गेला, सूज राहिली, ती पहिल्याहून दुप्पट. किरण मॅडमनी टेप लावली आणि आकडा न बोलता लिहून घेतला. आता त्या हाताने वेणी घालता येत नाही, भाकरी उलटता येत नाही. सविता ताटात वाढते आणि म्हणते, आत्या नुसत्या बसून असतात.

गुरुवारी मात्र ती एकटीच एसटीने धुळ्याला जाते. परवा तिथल्या बाकावर तिशीची एक बाई बसली होती, ऑपरेशनला तीन आठवडे झालेली. नवरा तिला म्हणत होता, "रोग गया ना? मंग आठे कसाले येवानं दर आठवडाले?"

द्रौपदाबाईने पदर बाजूला केला आणि आपला हात दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. "देख," ती त्याला म्हणाली. "मन्हा पोऱ्याबी असाच बोलना व्हता."

त्याने एकदाच पाहिलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ऊठ," बायकोला म्हणाला. ती उठली. जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं, पण तिचं मनगट नवऱ्याच्या मुठीत होतं. किरण मॅडमनी दार उघडून त्या बाईचं नाव पुकारलं, तेव्हा ती दोघं जिना उतरून गेली होती.