निरोगी म्हणून नेली ती

माझ्या हृदयात स्टेंट बसला तेव्हापासून आमच्या घरात आजारी माणूस एकच, तो म्हणजे मी. हे सगळ्यांना मान्य होतं, मला तर फारच. जिभेखाली ठेवायची एक गोळी सदऱ्याच्या खिशात, एक विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत आणि एक ट्रॅक्टरच्या पेटीत असायची. ढेकर अडकला तरी मला घाम फुटायचा. डाव्या कुशीवर झोपायची हिंमत होत नसे. आमच्या शेळगावात कुणी गेल्याचं कळलं, की मी आधी विचारायचो, "शुगर होती का?" समोरचा व्हय म्हणाला, की माझं त्या दिवसाचं जेवण संपलं.

शुगर मला स्टेंटच्या कितीतरी आधीपासूनची. उसाच्या गावात राहून शुगर होणं म्हणजे चेष्टाच. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर घरात आली, की बायको पोतं ओढून घेत म्हणायची, "तुमच्या वाटणीची मीच खानार बरं का." पाहुण्यांनी आणलेले पेढे माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या संपवून टाकायची. माझी पालेभाजी, माझ्या गोळ्या, माझं चालायला जाणं, सगळं तिच्या डोक्यात. मी जेवून उठलो की उरलंसुरलं घेऊन ती चुलीपाशी टेकायची. तेवढ्यात मी हाक मारली तर तशीच उठायची, आणि मी हाक मारायचोच, कारण मला कुठंतरी काहीतरी होत असायचं.

बारामतीच्या ज्या दवाखान्यात मी दाखवतो, तिथं एक तरुण डॉक्टरबाई आल्या होत्या. शुगर आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा वागतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. "काका, थोडं रक्त द्याल का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? काय निघालंय का माझ्यात?" मी खुर्चीवरून अर्धा उठलोच.

त्या हसल्या. म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी म्हणजे आपली राखण. जखम झाली की धावून येतात, काम झालं की शांत होतात. पण शुगर वर्षानुवर्षं वाढलेली असली, की काही पेशींना शांत व्हायचं कळेनासं होतं. त्या रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात, तिथली चरबी गिळून फुगतात आणि तिथंच बसून राहतात. मग आणखी येतात. सूज वाढते, वाट अरुंद होते. सगळ्यांचं सारखं होत नाही. का होत नाही, तेच बघायचंय."

मला ते लगेच कळलं. बांधाचं भांडण मिटवायला म्हणून आलेली भावकी पुढं स्वतःच भांडायला लागते आणि ओसरी सोडत नाही, त्यातलंच हे. पण कळल्यानं भीती कमी होते असं नाही. तोवर मी तेलाला भीत होतो, जिन्याला भीत होतो, गोडाला भीत होतो. ही सगळी बाहेरची. आता माझ्याच अंगातलं, माझ्याच राखणीला ठेवलेलं मला आतून खात होतं. घरी आल्यावर मी दोन बोटं गळ्याच्या शिरेवर ठेवून बसायचो आणि आत कोण येऊन बसलंय याचा अंदाज घ्यायचो. बायको म्हणायची, "अहो, बोटानं मोजून ते उठून जानार हाईत व्हय?"

डॉक्टरबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. तुलनेसाठी त्यांना निरोगी माणूसही हवा होता. वय साधारण माझ्याएवढं, शुगर नाही, हृदयाचं काही नाही. एकाच घरातला असला तर उत्तम, म्हणजे खाणंपिणं सारखं. मी ताडकन म्हणालो, "आमच्या मंडळींना घ्या की. तिनं जन्मात गोळी खाल्ली न्हाय." हे सांगताना मला अभिमान वाटला. तिचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नाही. जो आजारी पडत नाही त्याचं कशाला तपासायचं?

सकाळच्या एसटीनं दोघं उपाशीपोटी निघालो. तिला उपासाची सवय, त्यामुळं कुरकुर सगळी माझीच. दवाखान्याच्या जिन्यात ती मध्येच कठडा धरून थांबली. मी वरून ओरडलो, "चल की! मी हार्टचा पेशंट पुढं, आणि तू मागं?" ती म्हणाली, "जरा दम खाऊ द्या. पित्त झालंय." मी आणखी दोन पायऱ्या चढून दाखवल्या.

आधी तिची साधी तपासणी होती, बोटातून रक्त आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी. मी बाहेर बाकावर बसून माझ्या रक्ताची वाट बघत घाबरत होतो. नर्स आली, पण तिनं मला बोलावलं नाही, काकूंबरोबर कोण आलंय असं विचारलं.

आत बायको पदर सावरत टेबलावर बसली होती. डॉक्टरबाईंच्या हातात पट्टी होती आणि चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. शुगर बरीच वाढलेली होती. वर्षानुवर्षांची असावी, म्हणाल्या. पेढ्यांचं माझ्या तोंडून निघून गेलं. नुसत्या गोडानं असं होत नाही, असं त्यांनी समजावलं, पण माझ्या डोळ्यांसमोरून ते पोतं हलेना.

"आणि काका, एक झटका येऊन गेलेला दिसतोय. जुना."

"हिला?" मी म्हणालो. "न्हाय, न्हाय. झटका मला आला होता."

त्या बायकोकडे वळल्या. "काकू, कधी छातीत दुखलं होतं? हात, जबडा?"

तिनं आठवून सांगितलं, अगदी सहज, "ह्यांना इथं आणलं ना, स्टेंट टाकायला, त्या दिवशी. खालच्या जिन्यात डावा हात भरून आला, घाम सुटला. बसले पायरीवर. पण ह्यांचंच चाललं होतं सगळं. त्या वक्ताला कुनाला सांगायचं?"

मी वर माझा जीव मुठीत धरून पडलो होतो, तेव्हा ती खाली पायरीवर एकटी बसलेली. मग उठून वर आली होती आणि मला म्हणाली होती, भिऊ नका. ते मला नीट आठवत होतं.

गोळ्या सुरू झाल्या, दोन दिवसांनी अँजिओग्राफी ठरली. निरोगी म्हणून तिचं रक्त घेता येणार नव्हतं. बाई चाचरत म्हणाल्या, "काकूंची तयारी असली तर पुढं काकांच्या गटात घेऊ." बायकोला हसू आलं. "बघा, आता तरी एका पंगतीत बसवलं."

मला हसता आलं नाही. परतीच्या एसटीत मी तिच्या डाव्या बाजूला बसलो. खिशातली गोळी चाचपली. ती आता कुणाची, तेच मला कळेना. इतकी वर्षं मी घाबरत आलो, पण ते घाबरणं म्हणजे नुसती सवय होती. खरी भीती आत्ता लागली. मला काही झालं तर ती होती. तिला काही झालं तर माझ्यापाशी काय होतं? एक हाक.

घरी येऊन तिनं भाकऱ्या टाकल्या. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. माझं ताट वाढून ती चुलीकडे वळली.

"बस," मी म्हणालो.

"तुमी घ्या आदी. गार हुईल."

"बस गं."

ती बसली, अवघडून, पाहुण्यासारखी. उजव्या हातानं तिनं भाकरी मोडली. मी माझ्या ताटाला हात न लावता तिचा डावा हात बघत राहिलो.